मदत हवी आहे: मॉर्टन अब्रामोविट्झ यांच्या कारकिर्दीतली व्हिएन्नाची वर्षं

नमस्कार मंडळी,

अमेरिकी मुत्सद्दी मॉर्टन अब्रामोविट्झ (१९३३–२०२४) यांच्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. संपादक म्हणतात, बँकॉक आणि अंकारा ठेवा, व्हिएन्ना गाळा. मला ते अजिबात पटत नाही.

बँकॉक हवंच. १९७९ मध्ये कंबोडियातून उपासमारीने खंगलेली माणसं थायलंडमध्ये आली, तेव्हा हे तिथे राजदूत होते. सा केओच्या छावणीत लोक पावसात, चिखलात पडले होते. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी रोझलिन कार्टर तिथे गेल्या आणि जगाचं लक्ष वळलं. १९९१ मध्ये इराकी कुर्द तुर्कस्तानच्या डोंगरांत अडकले, तेव्हाही हेच अंकाऱ्यात राजदूत.

पण मधली १९८३-८४ ची व्हिएन्ना? तिथे ते वाटाघाटींत अमेरिकेचे प्रतिनिधी होते. नाटो (अमेरिका आणि तिचे युरोपातले मित्रदेश) आणि वॉर्सा करार (सोव्हिएत गट) यांच्यातल्या, मध्य युरोपातलं सैन्य घटवण्याच्या या वाटाघाटी १९७३ पासून रखडल्या होत्या. दोन्ही बाजूंनी भूदल प्रत्येकी ७ लाखांवर आणायचं, हे मान्य होतं. घोडं अडलं होतं ते त्या घडीला पूर्वेकडे, म्हणजे सोव्हिएत गटाकडे, किती सैन्य आहे यावर. वॉर्सा करारातल्या देशांनी दिलेला आकडा आणि नाटोचा अंदाज यांत सुमारे दीड लाखाचा फरक! मग कापायचे किती? डिसेंबर १९८३ मध्ये युरोपात नवी अमेरिकी क्षेपणास्त्रं ठेवण्याच्या वादामुळे पुढची तारीख न ठरवताच बैठकी थांबल्या, त्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाल्या. एप्रिल १९८४ मध्ये नाटोने मागणी सैल केली: सगळ्या सैन्याचा आकडा बाजूला राहू द्या, निदान लढाऊ आणि त्यांना थेट साथ देणाऱ्या तुकड्यांच्या आकड्यावर तरी एकमत करू. तेही जमलं नाही.

आणि आकड्यांच्या या भांडणातून उठून हा माणूस १९८५ मध्ये परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख झाला. या विभागाकडे स्वतःचे हेर नसतात. इतरांनी आणलेली माहिती तपासून तिचा अर्थ परराष्ट्रमंत्र्यांना, म्हणजे तेव्हा जॉर्ज शुल्ट्झ यांना, सांगायचा. हा दुवा तोडला तर लेखात नुसती बदल्यांची यादी उरेल.

सैन्यातून निवृत्त झालेल्यांना विचारायचं आहे: उपग्रहाच्या छायाचित्रात बराकी आणि रणगाडे दिसतात, पण तुकडी पूर्ण भरलेली आहे की अर्धी, हे कशावरून ओळखतात? सामान्य वाचकाला कळेल असं कुणी समजावून सांगेल का?

दुसरं जास्त अवघड आहे. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांना स्टिंगर, म्हणजे खांद्यावरून डागायची विमानविरोधी क्षेपणास्त्रं द्यावीत म्हणून जोर लावणाऱ्यांत अब्रामोविट्झही होते. सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ स्टिंगरने पाडलेली पहिली सोव्हिएत हेलिकॉप्टरं कोसळली. माहितीचा अर्थ लावणाऱ्याने धोरणाची बाजू घ्यावी का? माझं मत, घेऊ नये. पुढचे अंदाज त्याच बाजूला झुकतात. निर्वासितांसाठी एवढं झटलेल्या माणसाबद्दल हे लिहिताना मला जड जातं आहे, म्हणून उलट मत असणाऱ्यांनी जरूर सविस्तर लिहावं.

मसुदा या महिनाअखेरीस द्यायचा आहे.