'बनगरवाडी' आणि आमचे सर

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीत काही घडतच नाही, असं एकाचं मत वाचलं आणि आमचे सर आठवले. मीही त्यांना नेमकं हेच म्हणालो होतो.

नाशकात आम्ही एकाच शाळेत. ते गणिताचे, मी मराठीचा, पण कादंबऱ्या त्यांच्याच जास्त वाचून झालेल्या. (मला मनातून जरा लाजच वाटायची.) शनिवारी सकाळची शाळा सुटली की आधी मिसळ, मग सार्वजनिक वाचनालय, हा क्रम ठरलेला. माझं ते वाक्य ऐकून त्यांनी पाव खाली ठेवला. "अहो, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, अख्खी वाडी उठून जाते. अजून काय घडायला हवं?"

माडगूळकरांनी १९५५ साली लिहिलेला तो कोवळा राजाराम मास्तर सरांना आतून ठाऊक होता. त्यांची पहिली नेमणूक सुरगाण्याकडच्या एकशिक्षकी शाळेतली. गोळा करून आणलेली पोरं दुपारपर्यंत गुरांमागे पसार व्हायची, हे सांगताना ते रागावत नसत, हसत.

गेल्या वर्षी सर गेले. महिन्याभराने वहिनींनी त्यांची प्रत मला दिली. खाकी कव्हर, खुणेला एसटीची तिकिटं. मास्तर बंद पडलेली शाळा पुन्हा सुरू करायला बघतो, त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: 'पट २३, हजर ४.'