‘रीयुनियन अल्बम’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवाद_चालू: ‘येस’ या इंग्लिश प्रॉग रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँडवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. त्यांच्या १९९१च्या ‘युनियन’ला मूळ लेखात ‘रीयुनियन अल्बम’ म्हटलंय. मी ‘पुनर्मीलनाचा अल्बम’ लिहिलं. संपादकांनी ‘पुनर्मिलन’ केलं आणि ‘अल्बम’ खोडून ‘ध्वनिमुद्रिका’ घातलं. हे बदल ठेवावेत का?

धातुपाठ: मि ऱ्हस्वच हवी. मिल् म्हणजे भेटणं, त्यावरून मिलन. मील् म्हणजे डोळे मिटणं. निमीलन, उन्मीलन त्यातले.

सातमात्रा: छापील मराठीत ‘मीलन’ पक्कं रुळलंय, वाचताना कुणाला डोळे मिटणं आठवत नाही. खरी अडचण ‘पुनर्’ची आहे. पुन्हा एकत्र यायला आधी एकत्र असावं लागतं ना? ब्रूफर्ड १९७२ला बँड सोडून गेले, त्यांच्या जागी अ‍ॅलन व्हाइट आले. केय १९७१ला गेले, त्यांच्या जागी वेकमन. हाव यांच्यानंतरचा गिटारवाला रॅबिन. म्हणजे ड्रम, कीबोर्ड, गिटार या तिन्ही जागांवर एकाच्या जागी आलेला दुसरा. गायक अँडरसन यांनी १९८९मध्ये ब्रूफर्ड, वेकमन, हाव यांना घेऊन वेगळा अल्बम काढला होता. ‘येस’ हे नाव बासवादक स्क्वायर यांच्या बाजूकडे (रॅबिन, परत आलेले केय, व्हाइट) होतं. ‘युनियन’मध्ये या दोन बाजूंचं काम एकत्र बांधलंय. आठही जण मिळून वाजवताहेत असं एकही गाणं त्यात नाही. अँडरसन यांच्या गटाच्या बहुतेक गाण्यांत बास टोनी लेविन यांचा आहे, स्क्वायर यांचा नाही. याला ‘विलीनीकरण’ म्हणा.

रसिक_पुणे: विलीनीकरण बँकांचं होतं. शाळेच्या स्नेहमेळाव्यात वेगवेगळ्या बॅचची मुलं येतात, एका वर्गात कधीच न बसलेली, तरी ते रीयुनियनच. ‘पुनर्भेट’ लिहा, साधं आहे.

सातमात्रा: भेट झाली ती दौऱ्यात. अमेरिकेत आठही जण फिरत्या गोल रंगमंचावर एकत्र वाजवत होते, म्हणून दौऱ्याला ‘पुनर्भेट’ शोभेल. अल्बमच्या वेळी निर्माते जोनाथन इलायस यांनी बाहेरचे वादक बोलावले, हाव यांच्या गिटारची बरीच जागा जिमी हॉन यांनी भरली. तुलनेला ‘एशिया’ या बँडचा २००८चा ‘फीनिक्स’ घ्या. वेटन, हाव, डाउन्स, पामर हे मूळचेच चौघे, १९८३नंतर त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. तिथे ‘पुनर्मिलन’ चोख बसतं. दोन्हींना एकच शब्द लावला की वाचकाला वाटतं, दोन्हीकडे सारखंच घडलं.

तबकडी: ‘ध्वनिमुद्रिका’ काढाच. ती वस्तू आहे. अल्बम म्हणजे गाण्यांची निवड आणि क्रम, तो कॅसेटवरही तोच राहतो. शब्दाचा उगमही पाहा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. लांब रचनेला चार-पाच तबकड्या लागत आणि त्या जाड पाकिटांच्या वहीत घालून विकत. फोटोंच्या वहीसारखी म्हणून ती ‘अल्बम’. पुढे वही गेली, नाव राहिलं.

धातुपाठ: मग ‘संग्रह’ का नको?

तबकडी: ‘संग्रह’ म्हटलं की आधी निघालेली गाणी गोळा केल्यासारखी वाटतात. इथली गाणी नवी आहेत.

अनुवाद_चालू: पुढच्या परिच्छेदात आणखी एक पेच आहे. वेकमन या अल्बमला ‘ओनियन’ म्हणतात, कारण ऐकताना रडू आलं. ‘कांदा’ लिहिलं की कोटी जाते.

रसिक_पुणे: युनियन म्हणजे ‘नांदा’, ओनियन म्हणजे ‘कांदा’. एकत्र नांदायला निघाले आणि डोळ्यांत पाणी आलं. अर्थ आणि यमक दोन्ही राहतात.

सातमात्रा: पण अल्बमचं नाव ‘नांदा’ नाही. विशेषनाम बदललं तर दुकानात शोधणार कसं? ‘युनियनला ते ओनियन म्हणतात, कांद्यासारखं रडवतं म्हणून’ एवढं लिहा, उच्चार ऐकून कोटी कळते.

रसिक_पुणे: ज्याला ओनियन कळतं, त्याला भाषांतर कशाला हवं?

धातुपाठ: ‘एकी’ आणि ‘बेकी’ घ्या. दोन्ही शब्द घरचे, भांडणही आलं.

रसिक_पुणे: रडणं गेलं.