ड्रॉब्रिजला (जहाज जाऊ द्यायला वर उचलला जाणारा पूल) मराठीत काय म्हणावं? (झुलता नको)

आडवाट: मुलांच्या अंकासाठी लंडनच्या टॉवर ब्रिजवर लिहितोय. ३० डिसेंबर १९५२ ला अल्बर्ट गंटर ७८ नंबरची बस पुलावरून नेत होता आणि चाकांखालचाच भाग वर जायला लागला. पठ्ठ्याने ब्रेक न दाबता वेग वाढवला, बस पलीकडच्या अर्ध्यावर उडवली. बक्षीस १० पौंड! मी 'झुलता पूल' लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, "नुसता झुलला तर बस उडी कशाला मारेल?" खरंय. मग काय लिहू?

भुईकोट: झुलता पूल नगरच्या किल्ल्याला आहे, खंदकावर टांगलेला. हा निराळा. ड्रॉ म्हणजे ओढणे, म्हणून 'ओढपूल'.

ठेचाभाकर: ओढ्यावरचा का? :ड

शुद्धमती: 'पूल' मुळात फारसी. 'उत्तोलनसेतू' लिहा.

ठेचाभाकर: पोरगं तो शब्द वाचेपर्यंत जहाज निघून जाईल.

शुद्धमती: 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतातच की पोरं.

साकव: मुळात हा पूल ओढत नाहीत, तोलतात. याचा प्रकार बॅस्क्यूल, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सी-सॉ. एकेक झडप हजार टनांहून जड. तिच्या शेपटाकडचं वजन बुरुजाच्या पोटातल्या पोकळीत उतरतं, तेव्हा पुढचं टोक वर येतं. १८९४ ला पूल सुरू झाला तेव्हा वाफेच्या इंजिनांनी पाणी दाबाखाली साठवायचे आणि त्या दाबावर झडपा हलवायचे. १९७६ पासून तेल आणि वीज. आमच्या आगरातल्या विहिरीवरची लाट तरी दुसरं काय करायची? मागे दगड बांधलेला. आजी काठी खाली दाबत न्यायची, कोळंबं बुडलं की हात सैल सोडायची. भरलेलं कोळंबं आपसूक वर. 'लाटेचा पूल' म्हणा!

ठेचाभाकर: नदीवर लाटेचा पूल. लोक घरं सोडून पळतील.

भुईकोट: लाट कसली, ती ओकती.

रूळमोजणी: पांबनचा १९१४ चा पूलही उघडायचा. पेपरात सरळ 'उघडणारा पूल' वाचल्याचं आठवतं.

शुद्धमती: तो रेल्वेचा. इथे रस्त्याचा विषय चाललाय.

रूळमोजणी: शब्दाला काय फरक पडतो?

साकव: @भुईकोट, लाट म्हणजे तो आडवा वासा. सगळ्या सरंजामाला तुम्ही ओकती म्हणा, आमचं काही म्हणणं नाही.

भुईकोट: आणि विहिरीतून येतो तो पोहरा. कोळंबं नव्हे.

आडवाट: मंडळी, संध्याकाळी अंक छपाईला जातोय. बस अजून पुलावरच आहे.

साकव: पोहरा रहाटाला! कोळंबं लाकडी असतं, होडीसारखं. माळ्यावर पडलंय आमचं, रविवारी फोटो टाकतो.