ओतावर स्लॅब टाकला की ओत संपतो?

गावभागकर
परवा इथं एकानं लिहिलं, "ओत-बीत काही राहिलेलं नाही, ती गटारं आहेत. पाईप घाला, स्लॅब टाका, वरून रस्ता करा, विषय संपला." दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. ओत म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेणारी नैसर्गिक घळ.

गेल्या रविवारी सांगलीत शामरावनगरच्या मागून हरिपूरच्या दिशेनं ओत शोधत चालत गेलो. आधी काहीच दिसत नाही, नुसते प्लॉट. मग कळायला लागतं. सपाट रस्ता एके ठिकाणी उगाच खाली जातो. मे महिना असून एका रिकाम्या प्लॉटात पाणकणीस उभं. एका कंपाउंडची भिंत मधोमध चिरलेली. अर्धा पाया काळ्या रानात, अर्धा भरावावर. पुढं दोन घरांमधल्या बोळातून शिरलो तर समोर एकदम दीड पुरुष खोल घळ! करंज, बाभळी, खाली काळं पाणी आणि वाकलेल्या फांदीवर खंड्या. मागं तीस पावलांवर गाड्यांचे हॉर्न. आपण या जागेकडं पाठ करून घरं बांधलीत.

ओत दोन्हीकडून वाहतो. पावसात शहराचं पाणी नदीला नेतो आणि नदी फुगली की तिचं पाणी आत आणतो. आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरची माणसं त्याच्या आधीच सामान बांधतात, ती याच्यामुळं. वाट मोकळी असेल तर पाणी चढलं तसं उतरतं. बुजवली तर नदी उतरली तरी ते आपल्या दारात बसून राहतं.

शामरावनगर, गल्ली ३
ती पोस्ट माझी. तुम्ही एका रविवारी खंड्या बघून गेलात, आम्ही तिथं बारा महिने राहतोय. डास, साप, वास. पोरीला दोनदा डेंगी झाला. वडिलांनी फंडाच्या पैशात दीड गुंठा घेतला, तेव्हा विकणाऱ्यानं मुरूम टाकून चकाचक करून दाखवलं. खाली ओत आहे हे कुणीही सांगितलं नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात पैसे भरून नियमित करून घेतलं. आता आम्ही पाठ करून बसलेले? गावभागात वाडा असणाऱ्यानं आम्हाला शिकवू नये.

कृष्णाकाठ
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. अलमट्टी! कर्नाटकवाले ते धरण ५१९.६० मीटरला भरतात तरी आपली ही अवस्था, आता त्यांना ५२४ च्या वर न्यायचंय. ओतात फिरून काय होणार आहे?

निवृत्त ओव्हरसियर
२०१९ नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली होती. त्या पुराचं खापर समितीनं अलमट्टीवर फोडलेलं नाही. हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. दोन्ही एकदम फुगल्या की कृष्णेला पुढं सरकायला जागा नसते. नदीला इथं उतारही फार कमी.

कृष्णाकाठ
समितीचे कागद मला दाखवू नका! २०१९ ला आयर्विनवर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा म्हातारी आई, मी आणि दोन शेळ्या तीन रात्री गच्चीवर होतो. चौथ्या दिवशी बोट आली. पाणी तसूभर हलत नव्हतं. पुढं अडवल्याशिवाय असं थांबतं का? तुमच्यासारखे आपलेच लोक असं बोलतात म्हणून कर्नाटकाचं फावतं.

निवृत्त ओव्हरसियर
शब्द जपून वापरा. उंची वाढवायला माझाही विरोध आहे, मोर्चात मीही चाललोय. पण एक सांगा, आयर्विनला पाणी १५ फुटांवर असताना नुसत्या वळवानं शामरावनगरात गुडघाभर पाणी साचतं, त्यात अलमट्टीचा काय संबंध?

हरिपूरचा हळदवाला
पुराचं निघालंच आहे तर आमच्या पेवांचं कोण बोलणार? पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, वीस-पंचवीस फूट खोल, तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. उघडल्यावर आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. २००५ ला पाणी शिरलं, आमची चार पेवं आतून ढासळली, पुन्हा भरलीच नाहीत. आजोबा ओताच्या अंगाला कधी पेव खणू देत नव्हते. "तिथं जमीन पाणी पिते," म्हणायचे. त्यांना कळत होतं, प्लॉट पाडणाऱ्यांना कळलं नाही.

मिरजेची लेक
मी दत्तनगरात दिली आहे. २०१९ ला नदी गल्लीच्या तोंडालाही आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. पहाटे मोरीतून बुडबुड्यांचा आवाज आला. बॅटरी मारली तर जाळीतून झुरळं निघून ओळीनं भिंत चढत होती. पाठोपाठ काळं पाणी. दारात मातीची पोती रचून आम्ही निर्धास्त झोपलो होतो आणि पाणी घरातूनच आलं. शामरावनगरवाले दादा, स्लॅब टाकाल, मोरीचं काय कराल?

शामरावनगर, गल्ली ३
मोरीचं खरं आहे ताई. २०२१ ला आमच्यातही तसंच आलतं. बरं, स्लॅबचं सोडतो. पण मग मेच्या आत दरवर्षी गाळ निघाला पाहिजे आणि संडासाचं पाणी ओतात सोडणं बंद झालं पाहिजे. शेरीनाल्यातलं शहराचं सांडपाणी उचलून धुळगावला न्यायचं, हे किती वर्षं ऐकतोय. आमच्या ओताचा नंबर कधी लागायचा? गाळ काढा असा अर्ज दोनदा दिला, पोच आहे, माणूस आला नाही. वैतागून स्लॅब म्हणालो. आणि आम्हाला दोषी धरणं बंद करा.

गावभागकर
"पाठ करून घरं बांधलीत" हे वाक्य मागं घेतो. ते भराव टाकून विकणाऱ्याला लागू आहे, घेणाऱ्याला नाही. गाळाच्या अर्जावर माझीही सही घ्या. पण रस्ता हवा म्हणून उद्या कुणी पुन्हा मुरमाचे डंपर आणले तर मी आडवा येणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कृष्णाकाठ
सही मीही करतो. अलमट्टीचं मात्र मागं घेत नाही.

शामरावनगर, गल्ली ३
रविवारी सकाळी या, गमबूट घालून. वडील म्हणतात आमच्या मागच्या भिंतीखाली ओतावरची जुनी दगडी मोरी आहे, बैलगाडी तिच्यावरून जायची. त्यांचे गुडघे गेलेत, पण खुर्ची टाकून बसतील आणि काठीनं दाखवतील कुठं खणायचं ते.