दंड माफ केला, मग नियम कशाला?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची रविवारची चर्चा, इंदूर. नावं काढून फ्लॅट नंबर ठेवलेत. गुड मॉर्निंगची फुलं गाळली आहेत.

बी-104 (खजिनदार): बी-301 चा तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकला होता. दंड 1,500 रुपये. सेक्रेटरीसाहेबांनी कोणाला न विचारता माफ करून टाकला. मग बाकीच्यांनी दर पाच तारखेला धावपळ का करायची?

ए-101 (सेक्रेटरी): त्यांच्या घरी दवाखाना चालू होता हो. माणुसकी म्हणून केलं.

बी-104: माणुसकीला ना नाही. पण बायलॉजमध्ये तिचा कॉलम नाही.

ए-502: पाणी आज आहे की उद्या?

ए-101: उद्या. नर्मदा एक दिवसाआड येते, माहीत आहे ना भिया.

सी-402 (मावशी): आत्ताच चर्चच्या उपासनेहून आले. पाळकसाहेबांचा संदेश नेमका याच भांडणावर होता, नियमशास्त्र म्हणजे देवाने दिलेले नियम, आणि कृपा म्हणजे लायकी न बघता मिळालेली माफी. राहवत नाही म्हणून लिहिते.

बी-104: मावशी, तुमच्याकडे सोपं आहे. चुकलो म्हटलं की सुटला. आमच्याकडे कर्म भोगूनच फेडावं लागतं.

सी-402: इतकं सोपं असतं तर येशूचा प्रेषित पौल, त्याने रोमच्या ख्रिस्ती लोकांना बायबलमधलं सोळा अध्यायांचं पत्र कशाला लिहिलं असतं? तुमचीच शंका त्याने स्वतःच काढली आहे, सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि लगेच उत्तर, मुळीच नाही. म्हणजे ही शंका दोन हजार वर्षं जुनी आहे, आपल्या मेंटेनन्सपेक्षा बरीच जुनी.

ए-502: 😂

बी-104: उत्तर 'मुळीच नाही' आहे, पण का नाही ते सांगा.

सी-402: टाइप करते आहे, थांबा. दहा आज्ञा ऐकून सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या आधीचं वाक्य मात्र कोणी वाचत नाही. बायबलमधलं निर्गम, अध्याय 20. पहिली आज्ञा देण्याआधी देव इस्राएल लोकांना म्हणतो, मी तुला मिसर म्हणजे इजिप्त देशातून, दास्यातून बाहेर काढलं. समुद्र ओलांडून झाला होता, रानात देवाने दिलेलं अन्न, मान्ना, खाऊन झालं होतं, त्यानंतर सीनाय पर्वत आणि आज्ञांच्या पाट्या. आधी सुटका झाली, नियम मागाहून आले. आपण मुलाला घरात घेतो आणि मग जेवलेलं ताट उचलायला शिकवतो. ताट उचललं म्हणून घरात घेत नाही.

सी-205 (काकू): हे छान सांगितलंत. आमच्याकडे मात्र एकोणीस वर्षं झाली, ताट जागेवरच असतं.

बी-104: म्हणजे ताट नाही उचललं तरी चालतं?

सी-402: चालत नाही. येशू स्पष्ट सांगतो की मी नियमशास्त्र रद्द करायला आलेलो नाही, पूर्ण करायला आलो आहे. मत्तय, अध्याय 5. आणि पुढे नियम आणखी कडक करतो. खून करू नका एवढ्याने भागत नाही, भावावर रागावलात तरी जाब द्यावा लागेल.

बी-104: मग तर कोणीच पास होणार नाही.

सी-402: आता आलात रस्त्यावर. लूकच्या शुभवर्तमानातला परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो करवसुली करणारा, आठवतात? दोघंही मंदिरात गेले. परुशी म्हणतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. जकातदार लांब उभा, वर बघायचीही हिंमत नाही, फक्त दया कर म्हणतो. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. परुशाचा मेंटेनन्स एक तारखेलाच येत असणार.

ए-502: खजिनदार काका 🤐

बी-104: माझा एक तारखेलाच येतो. त्यात लाजण्यासारखं काय?

सी-402: काही नाही हो, चेष्टा केली. पौल नियमशास्त्राला वाईट म्हणत नाही. गलतीकरांना लिहिताना बालरक्षक म्हणतो. त्या काळी श्रीमंत घरात मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, वाटेत शिस्त लावणारा दास असे. आपले व्हॅनवाले काका समजा, थोडे जास्त कडक. मूल मोठं झालं की त्यांचं काम संपतं. म्हणून शाळा चुकीची ठरत नाही.

ए-303: मी वसईचा, कॅथलिक. या विषयावर आमचं आणि मावशींच्या प्रोटेस्टंट मंडळींचं 1517 पासून वाजलं होतं. माणूस श्रद्धेनेच नीतिमान ठरतो, हा ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या मार्टिन ल्यूथरचा मुद्दा. आमचे लोक याकोबाच्या पत्रावर बोट ठेवायचे, कृतीशिवाय विश्वास मेलेला. शेवटी 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन दोघांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणसाचं तारण कृपेनेच, आणि त्या कृपेतूनच चांगली कामं निघतात, इथपर्यंत एकमत झालं. सगळे मतभेद मिटले असं नाही.

सी-205: 482 वर्षं? आपली लिफ्टची फाइल तरी लवकर निघाली म्हणायची.

ए-303: आणि लांब कशाला जायचं, आपल्या इंदूरचंच बघा. सिस्टर रानी मारिया. उदयनगरकडे आदिवासी आणि भूमिहीनांसाठी काम करायच्या, सावकारांच्या डोळ्यांत सलायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला चालत्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी सुटकेसाठी शब्द टाकला आणि 2006 मध्ये तो बाहेर आला. 2017 मध्ये सिस्टरना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तो सोहळाही इंदूरलाच झाला.

बी-104: हे माहीत नव्हतं. राखी?

ए-303: हो. पण कोणी म्हणालं नाही की खून झालाच नव्हता. कोर्टाचा निकाल खोटा ठरला नाही. तो गुन्हेगार होता म्हणूनच क्षमेला अर्थ आला. निर्दोष माणसाला कोण क्षमा करेल?

बी-104: दादा, मनापासून विचारतो. त्या घराने बहीण गमावली आणि वर क्षमाही त्यांनीच करायची? भुर्दंड त्यांनाच.

सी-402: तेच तर. कृपा घेणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला नसते. येशूचं क्रूसावरचं मरण म्हणजे आमच्या दृष्टीने ते बिल. बोनहोफर नावाचा जर्मन पाळक होता, हिटलरच्या राजवटीने 1945 मध्ये फाशी दिलेला. त्याने 1937 मध्येच लिहिलं होतं की पश्चात्ताप नसलेली माफी म्हणजे स्वस्त कृपा. आणि कर्म भोगण्याचं म्हणाल तर आमचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबांनाही पदरचं पुण्य मोजून देव भेटला नव्हता.

बी-104: तुकोबांवर आणून सोडलंत, आता काय बोलणार. पण माझा मुद्दा राहतोच. 1,500 रुपये हवेत विरत नाहीत. सिंकिंग फंडात तेवढे कमी पडले. साहेबांनी माफी दिली, पण पैसे आमच्या सगळ्यांच्या खिशातले गेले. दुसऱ्याच्या खिशातून कृपा कसली?

सी-402: यावर माझ्याकडे उत्तर नाही. खजिनदार बरोबर बोलताहेत.

ए-101: मान्य. माझं चुकलं. 1,500 मी भरतो.

बी-301: नमस्कार सगळ्यांना. आत्ता वाचलं. मुलाला काल घरी सोडलं. पुढच्या महिन्यापासून हप्त्याने देतो, साहेबांनी भरू नयेत.

सी-205: मुलगा कसा आहे? संध्याकाळी खिचडी पाठवते. तिखट चालतं का त्याला?

बी-104: अहो, आधी त्याला बरं होऊ द्या. साहेब, तुमचे घेतो आणि यांचे आले की तुम्हाला परत करतो. पण एक सांगा, पावती कुठल्या हेडखाली फाडू? ऑडिटर विचारेल.

ए-101: सभेत ठराव घेऊ. पुढच्या रविवारी सकाळी दहाला.

सी-402: सकाळी नको हो, उपासना असते.

ए-303: आमची मिसापण.

ए-101: मग संध्याकाळी सहा. पोहे माझ्याकडून.