भरडधान्य वर्ष साजरं झालं, पण ज्वारी विकत कोण घेणार?

बार्शीकर

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. प्रस्ताव भारताचा, पाठिंबा सत्तरहून जास्त देशांचा, आमसभेची मंजुरी मार्च २०२१ ची आणि राबवायची जबाबदारी रोमच्या एफएओकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे. अन्नसुरक्षा, पोषण, कमी पाण्याची शेती, सगळं त्यात होतं. वर्षभर दिल्लीपासून तालुक्यापर्यंत पाककृती स्पर्धा झाल्या, जी-२० च्या पाहुण्यांना भरडधान्याचे पदार्थ वाढले, अर्थसंकल्पात 'श्री अन्न' म्हणून बारसंही उरकलं.

माझं म्हणणं आधी मांडतो, मग झोडा. असली वर्षं खाणाऱ्याशी बोलतात, पिकवणाऱ्याशी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच दर लिहिले होते: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया किलो (आता सगळंच फुकट आहे, ते सोडा). म्हणजे रेशनवर ज्वारी-बाजरी द्यायला कायद्याने कधीच अडवलं नव्हतं. तरी आमच्याकडच्या दुकानात वर्षानुवर्षं गहू-तांदूळच येतो, ज्वारी आली तर एखाद्या हंगामात. २०२५-२६ चा मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३७४९ रुपये क्विंटल. आकडा झकास आहे. पण सरकारी खरेदी केंद्र उघडेपर्यंत निम्म्या लोकांची ज्वारी आडतीवर गेलेली असते. सरकारला संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडता येतो, मग गोदामात पोती का मांडता येत नाहीत?

धान्यवेडी

असहमत, आणि जरा रागानेच असहमत. तुम्ही पाककृती स्पर्धांनाच आंतरराष्ट्रीय काम समजताय.

बाजरीचं एक उदाहरण घ्या. आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातली एक गावरान बाजरी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत आली. तिथल्या निवडीतून आयसीटीपी ८२०३ हा वाण निघाला आणि १९८८ पासून महाराष्ट्रात पेरला गेला. मोठं टपोरं दाणं, लवकर तयार होणारी. त्याच वाणातून पुढे जास्त लोहाची झाडं निवडत निवडत 'धनशक्ती' तयार झाली. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचं ते काम, २०१४ मध्ये देशभरासाठी प्रसारित झालं. लोहाचं प्रमाण किलोला ७१ मिलिग्रॅमच्या आसपास.

कागदावरचे आकडे म्हणाल तर तसंही नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना सहा महिने जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी रोज दोन वेळा देऊन पाहिली आणि दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची. ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांच्यात जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याचं प्रमाण दीडपटीहून जास्त होतं. २०१८ पासून तर आपल्याकडे बाजरीच्या नव्या वाणासाठी किमान लोह ४२ आणि जस्त ३२ मिलिग्रॅम अशी अटच आहे. टोगोच्या शेतकऱ्याने जपलेलं बी आपल्या पोरांच्या ताटात आलं, याला आंतरराष्ट्रीय प्रयत्न नाही तर काय म्हणायचं?

बार्शीकर

ताई, बियाण्याबद्दल वाद नाही. पण धनशक्ती घेऊन शेतकरी बाजार समितीत गेला तर आडत्या मूठभर दाणे हातावर घेतो, रंग बघतो, ओल बघतो, किडका आहे का बघतो. लोह त्याला दिसत नाही आणि तो त्याचे पैसेही देत नाही. मग जास्त लोहाचं बी शेतकऱ्याने कुणासाठी पेरायचं? गिऱ्हाईक उभं न करता बी दिलं की काम अर्धवटच.

कडबा पेंढी

तुम्ही दोघं बियाणं न् भावावर भांडताय. जरा रानात या.

आमच्याकडं मंगळवेढ्याच्या बाजूला रब्बीची ज्वारी. भारी काळी जमीन, वरचं पाणी नाही, नुसत्या ओलीवर पीक येतं. २०१६ ला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पेरायला काही वाटत नाही. वाटतं ते काढणीला. भेगाळलेल्या रानात वाकून एकेक ताट मुळासकट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, मग बायकांनी कणसं मोडायची, मग मळणी. उक्तं द्यायला गेलं तर माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरीसोबत वर ज्वारीही मागतो. त्याआधी महिनाभर पाखरं. पूर्वी माळ्यावर गोफण घेऊन पोरं असायची, आता पोरं शाळेत, ते बरंच आहे म्हणा.

सोयाबीनला यंत्र आलं. मळणी यंत्र बांधावर येतं, दोन तासांत पोती भरून मोकळं. हार्वेस्टरनं ज्वारी काढता येते, पण मग कडब्याची माती होते आणि ज्वारीत निम्मा जीव कडब्यातच आहे. ज्या साली चारा कमी असतो त्या साली दाण्यापेक्षा पेंढीचाच हिशोब घरात जास्त चालतो. तुमच्या रोमवाल्यांना म्हणावं, कडबा अखंड ठेवून उपटणारं यंत्र छोट्या शेतकऱ्याला परवडेल असं द्या. भाषण नको.

दादरकर

शहरातली बाजूही ऐका. आमच्याकडे ज्वारीचं दळलेलं पीठ गव्हापेक्षा महाग, आणि 'मिलेट' छापलेली बिस्किटं घेतली तर घटकांच्या यादीत पहिला नंबर मैद्याचा किंवा गव्हाचा. वर्षाचा फायदा झाला तो पुडीवर चित्र छापणाऱ्यांना. बार्शीकरांना +१.

मिलो खाल्लेला

वय झालंय म्हणून मागचं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो यायची. तीही ज्वारीच, पण भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या, आणि रंग असा की पोरं तोंड फिरवायची. तरी खाल्ली, कारण दुसरं नव्हतं. त्याआधी साठच्या दशकात पीएल-४८० चा अमेरिकी गहू. पीएल-४८० हा १९५४ चा त्यांचा कायदा, त्यांच्या शिलकी धान्याची सोय आणि आपल्या भुकेची सोय एकाच वेळी. त्या गव्हाने जीव वाचवले हे खरं, पण रेशन म्हणजे गहू-तांदूळ ही सवय त्याच सुमारास मुरली.

मात्र बाहेरचं ते सगळं वाईट असंही नाही. १९६४ ला आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीचा मादी वाण टेक्सासचा होता. 'हायब्रीड'ला चव नाही म्हणून आमची आई नाकं मुरडायची, पण कणगी तिनेच भरली. खरिपात पाऊस लांबला की दाणा काळा पडायचा, आणि तशी ज्वारी मग बाजारात मातीमोल.

धान्यवेडी ताई, तुमच्या बियाण्याचा मी ऋणी आहे. पण एफएओ असो की इक्रिसॅट, त्यांचा हात रेशन दुकानापर्यंत पोचत नाही. तिथं मुंबई आणि दिल्लीच. शेजारच्या कर्नाटकात रेशनवर दक्षिणेला नाचणी आणि उत्तरेला ज्वारी दिली जाते. ओडिशाने २०१७ मध्ये मोहीम सुरू केली आणि पुढे आदिवासी भागात नाचणी हमीभावाने घेऊन रेशनवर दिली. संयुक्त राष्ट्रांचं वर्ष यायच्या आधी.

नैरोबीकर

मी गेली काही वर्षं केनियात आहे. इथे ज्वारीचं गिऱ्हाईक सरकार नाही, बिअर आहे. ईस्ट आफ्रिकन ब्रुअरीजची 'सिनेटर केग' ही स्वस्त बिअर ज्वारीपासून बनते. गावठी विषारी दारूऐवजी लोकांनी ती प्यावी म्हणून सरकारने करात सूट दिली आणि कोरडवाहू भागातल्या छोट्या शेतकऱ्यांना ज्वारीचा खात्रीचा ग्राहक मिळाला. मग २०१३ मध्ये त्या बिअरवर ५० टक्के अबकारी कर बसवला. विक्री कोसळली, ज्वारीची मागणी कोसळली. दोन वर्षांनी कराचा बराचसा भाग मागे घेतला तेव्हा गाडी पुन्हा रुळावर.

म्हणजे खरेदीदार हवा हे बार्शीकरांचं म्हणणं पटतं. पण तो एकटाच असला, मग कंपनी असो वा सरकार, तर एका सहीने शेतकरी उघडा पडतो. हमीभावाच्या केंद्रावर सगळी भिस्त ठेवायला सांगताय, तिथे हा धोका नाही का?

बार्शीकर

आहे. पण केनियात कर बसायच्या आधी निदान खरेदी तरी होत होती. आमचं दुखणं त्याच्या अलीकडचं आहे.

धान्यवेडी

रेशनचा मुद्दा मान्य, पण तोही वाटतो तेवढा सरळ नाही. गहू-तांदूळ गोदामात दोन-दोन वर्षं टिकतो. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ दळलं की थोड्याच दिवसांत खवट, कडवट होतं. शहरातल्या कार्डधारकाला धान्य दिलं तर दळायला त्याच्या घरी जातं नसतं, आणि भरडधान्य दळून द्यायला प्रत्येक गिरणीवाला तयार नसतो. मध्यंतरी काही ठिकाणी रेशनवर ज्वारी आली तेव्हा ती घेऊन दुकानातच विकणारेही निघाले. म्हणून पीठ टिकवण्याचं तंत्र, जिल्ह्यातच खरेदी आणि जिल्ह्यातच वाटप, हे जोडून यायला हवं.

आणि ज्या संस्थांना तुम्ही हिशोबाबाहेर काढताय त्यांची आजची अवस्थाही बघा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था गुंडाळली. कॅन्सस राज्य विद्यापीठातून ज्वारी, बाजरी, गहू, भात यांच्या हवामानाला टिकणाऱ्या वाणांवर चाललेला मोठा प्रकल्प त्यात बंद पडला. पाटणचेरूच्या जनुकपेढीत सव्वा लाखाच्या आसपास बियाण्यांचे नमुने आहेत. ते थंड खोलीत ठेवायचे, ठरावीक काळाने पेरून ताजे करायचे, याला दर वर्षी पैसा लागतो आणि त्याच्या पाककृती स्पर्धा होत नाहीत. उद्या ज्वारीवर नवी कीड आली तर तिला पुरून उरणारं बी बाजार समितीत मिळणार नाही.

मिलो खाल्लेला

यावर काही बोलता येत नाही. पैसा भारतानेच वाढवून द्यावा. बारसं आपण केलंय.

कडबा पेंढी

द्या की. पण त्यातलेच थोडे ह्या जिल्ह्यातल्या केंद्रावर घाला आणि ते ज्वारी मोडायच्या आत, फेब्रुवारीत उघडा. नोंदणीला सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरनं पीक नोंदवायच्या अ‍ॅपात, रब्बीचा फोटो टाकायचा राहिला तर केंद्रावरनं परत पाठवतात. मागं आमच्या गावात बऱ्याच जणांचं तसंच झालं, नेटवर्क नव्हतं. ह्या वर्षी मी निम्म्या रानात ज्वारी ठेवलीय, ती जनावरांसाठी. बाकी हरभरा.