मदत हवी आहे: पॅनलवरून कॅमेरा ३ आणि ४ ऐकत नाहीत, साडेसातला आरती

परळ_४०००१२:
लालबागला मंडपात चार कॅमेरे लागलेत. एटीईएम स्विचर (कॅमेऱ्यांमध्ये कट करायचं यंत्र), कॅमेरा कंट्रोल पॅनल (कॅमेऱ्यांची सेटिंग दुरून बदलायला). १ ठीक आहे. २ चा आयरिस (लेन्समधून येणारा उजेड कमी-जास्त करणारं छिद्र) फिरवला की ३ पण सोबत हलतो, ३ च्या नॉबला मात्र काहीच होत नाही. ४ मेलेला. केबली बघितल्या, पॅनल दोनदा बंद-चालू केलं. लवकर सांगा.

टॅलीवाला:
कॅमेरे कोणते, लेन्स कोणती, रिटर्न (स्विचरकडून कॅमेऱ्याला परत जाणारा सिग्नल) कुठून दिलाय? ४ मेलेला म्हणजे नुसता आयरिस की रंग, ब्लॅक (काळ्याची पातळी) सगळंच? आणि २ वर कट केल्यावर ३ ची टॅली (ऑन एअरचा लाल दिवा) लागते का?

शेडर_दादर:
सगळे ऑटो आयरिसवर टाका आणि मोकळे व्हा.

टॅलीवाला:
आरतीला ऑटो? मुकुट आणि कापराची ज्योत फ्रेममध्ये आली की आयरिस मिटतो आणि पुजाऱ्याचा चेहरा काळवंडतो. आयरिस हातातच हवा.

शेडर_दादर:
एक माणूस चार आयरिस धरणार का मग?

टॅलीवाला:
चार नाही, ऑन एअर आणि त्याच्या पुढचा. बाकीचे थांबतात.

खटका:
एलईडी वॉल असेल तर आधी शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) बघा. साध्या दिव्यांना आपल्या ५० हर्ट्झ विजेवर १/५० किंवा १/१०० चालतो, वॉलचा रिफ्रेश (चित्र ताजं करायचा वेग) वेगळा, तिथे चित्रातले पट्टे जाईपर्यंत शटर बारीक बारीक सरकवावा लागतो.

परळ_४०००१२:
वॉल नाहीये हो! चारही कॅमेरे अर्सा ब्रॉडकास्ट, बी४ माउंटच्या लेन्स. हो, २ वर कट केलं की ३ चीही टॅली लागते. ४ ची लागतच नाही. त्याचा रिटर्न मल्टिव्ह्यूमधून (सगळे कॅमेरे एका पडद्यावर दाखवणारा आउट) घेतलाय, बाकीचे आउट संपले होते.

टॅलीवाला:
मग दोन वेगळी दुखणी आहेत. ३ च्या सेटअप मेनूत एटीईएम कॅमेरा आयडी २ राहिलाय, तो ३ करा. ४ चं असं की कंट्रोल आणि टॅली दोन्ही स्विचरच्या एसडीआय (व्हिडिओ केबलच्या) आउटमधून रिटर्नवरच जातात, पण मल्टिव्ह्यू आणि डाउनकन्व्हर्टेड (कमी रिझोल्यूशनच्या) आउटमधून नाही. प्रोग्रामचा (ऑन एअर चित्राचा) एक आउट डीएमधून (एका सिग्नलच्या अनेक प्रती करणारी पेटी) चौघांना वाटा. सिग्नल एकच चालतो, आयडी बघून कॅमेरा आपला हुकूम उचलतो.

गिरगाव_बीएनसी:
डीए एसडीआयचाच घ्या. मध्ये एचडीएमआय करून परत एसडीआय केलंत तर चित्र येईल, कंट्रोल नाही. लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण आज ट्रॅफिक बघून निघा.

परळ_४०००१२:
३ सुटला! डीए आमच्याच पेटीत होता. ४ ची टॅली लागते, रंग हलतो, आयरिस अजून ढिम्म.

टॅलीवाला:
रंग हलतोय म्हणजे कंट्रोल पोचतंय. आता लेन्स. ग्रिपवर आयरिसचा ए-एम (ऑटो-मॅन्युअल) स्विच असेल, तो एम वर असणार. ए वर घ्या, म्हणजे आयरिस पॅनलचं ऐकेल. आणि १२ पिनचा कनेक्टर पूर्ण बसलाय का तेही बघा.

परळ_४०००१२:
एम वरच होता 😑 चाललं. आता चौघांचे रंग जुळत नाहीत.

शेडर_दादर:
व्हाइट बॅलन्स ऑटो करा, सेकंदात होतं.

टॅलीवाला:
चौघांना वेगवेगळा ऑटो केलात तर प्रत्येक कॅमेरा आपापल्या फ्रेमवरून ठरवेल. एकच पांढरा कागद मंडपाच्या दिव्यात धरा आणि चौघांनी त्याच्यावरच व्हाइट बॅलन्स घ्या. त्याआधी लेन्सच्या टोप्या लावून वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) ब्लॅक एका रेषेत आणा, उरलेला फरक लाल-निळ्याच्या गेनने (त्या रंगाचा जोर) काढा. फरक काढताना कॅमेरा १ ला हात लावू नका, बाकीचे त्याला जुळवा.

खटका:
वॉल लागली तर शटरचं लक्षात ठेवा.